विसरभोळ्या यंत्राची बाजू

लूपिंग म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो पायाशी ठेवलेला लूपर. एकदा दाबायचं, वाजवायचं, पुन्हा दाबायचं, की वाजवलेला तुकडा हुबेहूब फिरत राहतो. त्यावर थर चढवता येतात, फसलेला थर अनडू करून काढता येतो, जमलेला साठवून उद्याच्या कार्यक्रमात लावता येतो. या सोयी मला मान्य आहेत. तरीही समोर श्रोते बसलेले असताना लूप रचायचा असेल, तर आत आलेला आवाज थोड्या उशिराने परत ऐकवणारं १९८०च्या दशकातलं डिजिटल डिले युनिट अजूनही सरस ठरतं असं माझं मत आहे. त्या यंत्रांच्या उबदार आवाजाचं कौतुक पुष्कळ होतं. मला त्यांचा विसरभोळेपणा जास्त मोलाचा वाटतो.

लेक्झिकॉनचं १९८१ सालचं पीसीएम ४२ हे डिले युनिट घ्या. आतली मेमरी बेताची. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक नवं सॅम्पल लिहिलं जातं आणि मेमरीचं शेवटचं घर भरलं की लिहिणं पुन्हा पहिल्या घरापासून सुरू होतं. मूळ यंत्रात ही फेरी जास्तीत जास्त २.४ सेकंदांची. ती ४.८ सेकंदांची करता येते, पण मेमरी तेवढीच राहते. क्लॉक निम्म्यावर येतो आणि आवाजाची वरची चमक जाते. फिरत्या लूपवर क्लॉक निम्मा केला तर लूप दुप्पट लांबतो आणि त्याच क्षणी एक सप्तक खाली उतरतो. स्वर आणि काळ इथे एकाच दोरीला बांधलेले आहेत. पण सगळ्यात महत्त्वाचा नॉब फीडबॅकचा. फिरून आलेल्या आवाजाचा किती हिस्सा पुन्हा आत सोडायचा, हे तो ठरवतो. तो ९० टक्क्यांवर ठेवला तर सातव्या फेरीला, म्हणजे साधारण सतरा सेकंदांत, मूळ स्वर निम्म्याहून खाली येतो. बाविसाव्या फेरीला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. या पिढीतल्या अनेक यंत्रांत तो दर फेरीला फिल्टरमधूनही जातो, त्यामुळे लहान होता होता मऊही होतो. प्रत्येक स्वराला वय असतं, आणि कान ते ओळखतो.

वाजवणाऱ्याला याचा उपयोग काय, ते एका साध्या प्रसंगात दिसतं. एका स्वरसमूहावरून दुसऱ्यावर जायचं आहे. गोठलेल्या लूपवर हे करायचं तर लूप तोडावा लागतो, आणि तो तुटल्याचं शेवटच्या रांगेपर्यंत कळतं. डिलेवर डावा हात फीडबॅक ७० टक्क्यांवर आणतो. चार फेऱ्यांत, दहा सेकंदांच्या आत, जुना समूह पाव हिश्श्यावर येतो. तेवढ्यात नवे स्वर वर सोडायचे आणि नॉब हळूच पुन्हा चढवायचा. जुनं कधी गेलं हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. हे तंत्र टेपच्या काळातलं. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो या संगीतकारांनी १९७३च्या ‘नो पुसीफुटिंग’ या अल्बमसाठी दोन रिव्हॉक्स टेपरेकॉर्डर वापरले: एकाने मुद्रण करायचं, दुसऱ्याने वाजवायचं, आणि मधल्या टेपच्या लांबीएवढा उशीर. पुढे डिजिटल यंत्रं आल्यावर फ्रिप टीसी २२९० या डिलेकडे वळले, पण विरत जाणारा लूप त्यांनी सोडला नाही. (संगीतकार टेरी रायली यांनी टेपचा असा प्रयोग १९६३ सालीच पॅरिसमध्ये केला होता. ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले १९७० साली, त्यामुळे या युक्तीचं मूळ ओढूनताणून तानपुऱ्यात शोधायला नको.)

हा सगळा जुन्याचा सोस आहे, असं कुणी म्हणेल. फीडबॅक तर नव्या लूपरमध्येही असतो. एकोप्लेक्स डिजिटल प्रोने तो १९९०च्या दशकातच दिला होता. खरं आहे, आणि तशा यंत्राशी माझं भांडण नाही. पण पुष्कळ लूपरवर हा नॉबच नसतो, असला तर मेनूच्या तिसऱ्या पानावर, आणि मुळात शंभर टक्क्यांवर नेमलेला. हात जिथे सहज जातो तसं संगीत घडतं. दुसरा आक्षेप असा, की जुनी यंत्रंही लूप गोठवतात. गोठवतात, पण पीसीएम ४२वर ‘इन्फिनिट रिपीट’ दाबलं की नवा आवाज आत जाणं थांबतं. कायम राखायचं की भर घालायची, यातलं एकच निवडावं लागतं, आणि ही सक्ती मला हितकारक वाटते. लांबीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. २.४ सेकंदांत विलंबित आवर्तन मावत नाही, की गाण्याचं कडवं मावत नाही. गिटारवादक बिल फ्रिसेल यांनी गाजवलेल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या डिलेत सोळा सेकंद मिळायचे, पण तेही पुरतील असं नाही. एकट्याने ताल, बास आणि गाणं रचत जाणाऱ्याने नवा लूपरच घ्यावा. जुने कपॅसिटर, न मिळणारे सुटे भाग आणि वीज क्षणभर गेली तरी कोरी होणारी मेमरी, यांवर माझ्याकडे उत्तर नाही.

जुनी पेटी महाग आहे आणि ती दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून आधी हातातल्या लूपरमध्ये फीडबॅकचं सेटिंग आहे का ते बघा, असेल तर शंभरावरून नव्वदवर आणा, आणि अनडूला पाय न लावता अर्धा तास वाजवा. पैसे घालायचे की नाही हे त्यानंतर ठरवा.