एका अक्षरानं गेलेले अकरा लेख

माझे तीन आठवड्यांचे अकरा लेख एका अक्षरामुळे गेले. कसे ते सांगते, म्हणजे तुमचे तरी जाणार नाहीत.

मी बी.ए. इंग्रजी केलेली, कंटेंट रायटर. एका छोट्या कंपनीच्या वर्डप्रेस वेबसाइटसाठी लिहिते. एकदा चालू साइटवरच मेनू बदलायला गेले आणि मुखपृष्ठ तासभर कोरं राहिलं. तेव्हा तिथला डेव्हलपर दादा म्हणाला, "आधी तुझ्या लॅपटॉपवर करून बघत जा." आणि त्यानं मला एक छोटी फाइल पाठवली.

वर्डप्रेस चालवायला पीएचपी लागतं, डेटाबेस लागतो, दोन्हीच्या जुळणाऱ्या आवृत्त्या लागतात. २०१३ मध्ये आलेलं डॉकर हे सगळं बंद डब्यांत भरून देतं. या डब्यांना कंटेनर म्हणतात. डॉकर कंपोज ही फाइल वाचतं आणि सगळे डबे एकदम मांडतं. एक वर्डप्रेसचा, एक डेटाबेसचा. 'डॉकर कंपोज अप' एवढंच टाइप करायचं. पहिल्यांदा डाउनलोडला वेळ लागतो, मग काही सेकंदांत साइट तयार. मी इतकी खूश झाले की लेखही तिथंच लिहायला लागले.

एका संध्याकाळी काहीतरी अडकलं. घाईत इंटरनेटवर सापडलेली आज्ञा जशीच्या तशी टाकली. 'डॉकर कंपोज डाउन', आणि पुढे एक छोटी रेघ आणि 'व्ही' हे अक्षर. मग पुन्हा 'अप' केलं, तर वर्डप्रेस नव्या पाहुण्यासारखं विचारायला लागलं, साइटचं नाव काय ठेवायचं?

दादाला फोन केला तेव्हा कळलं. नुसतं 'डाउन' डबे काढतं. ते फेकले तरी फाइलवरून पुन्हा बनतात. पण लेख असतात डेटाबेसमध्ये आणि डेटाबेसचा मजकूर डब्याबाहेर, व्हॉल्यूममध्ये साठवलेला असतो. 'व्ही' म्हणजे तोही पुसून टाक. यंत्राची काहीच चूक नव्हती. मी सांगितलं तेच त्यानं केलं.

सात लेख मी वहीतल्या टिपणांवरून पुन्हा लिहिले. उरलेल्या चारांसाठी खरं कारण सांगून मुदत मागितली. लाज वाटली, पण मुदत मिळाली.

आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, विरजण बाजूला काढल्याशिवाय दह्याचं भांडं घासतं का कुणी?"

आता रोज काम संपवताना मी डेटाबेसची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. त्यासाठीही दादानं एक आज्ञा लिहून दिली आहे. ती टाकण्याआधी मात्र तिच्यातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ मी त्याला विचारून घेतला. तुम्हीही विचारा. डबे पुन्हा मांडता येतात, विरजण तेवढं आधी बाजूला काढा.