सफरचंदावरची टिकली

सत्तरच्या दशकात पुण्यातल्या वाड्यात सफरचंद आलं, की शेजारीण हमखास विचारायची, "कोण आजारी आहे गं?"

पेरू, बोरं, केळी ही फळं. सफरचंद म्हणजे औषध. आजीला टायफॉइड झाला तेव्हा मामाने दोन आणली होती. आईने एकाच्या आठ फोडी केल्या. सात आजीला, आठवी चौघा मुलांत. सालीवरून मात्र खरी मारामारी झाली आणि ती चौघांतल्या एका मुलीने जिंकली. फळवाल्याकडच्या लाकडी पेटीत गवत असायचं, उर्दू वर्तमानपत्राचे कपटे असायचे. उजवीकडून डावीकडे चालणारी ती अक्षरं पाहून काश्मीर किती लांब आहे, हे तिला नकाशाशिवायच कळलं.

मग आयात खुली झाली. 50 टक्के शुल्क भरूनही 'वॉशिंग्टन' हातगाडीपर्यंत पोचलं. एका राज्याचं नाव आपण खुशाल जातीचं नाव करून टाकलं! पुठ्ठ्याच्या खोक्यात प्रत्येकाला आपापला खळगा, मेणाची चकाकी आणि अंगावर चिकटपट्टी: 4016. तो नुसता वाण आणि आकार ओळखायचा नंबर. तिला वाटायचं, दर्जाचा आहे. मुलाने ती चिकटपट्टी काढून तिच्या कपाळावर टिकली म्हणून लावली होती.

उन्हाळ्यात, हिमाचलचा हंगाम नसताना, चिली आणि न्यूझीलंडचा माल येऊ लागला. सफरचंद बारमाही झालं आणि आजारपणातून सुटून डब्यात गेलं.

सिमल्याच्या सहलीत तिला कळलं, की फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 मध्ये कोटगढला लावलेली 'डिलिशस'ची कलमं अमेरिकेचीच होती. म्हणजे ती आयुष्यभर 'आपलं' म्हणून खात आलेली लालभडक सफरचंदंही मुळात परदेशी. तिला उगाचच फसवल्यासारखं वाटलं.

2019 मध्ये अमेरिकी सफरचंदावरचं शुल्क 70 टक्के झालं, 2023 मध्ये वाढीव 20 टक्के उतरलं. मधल्या काळात गाड्यांवर तुर्की आणि इराणी माल वाढला. मे 2025 मध्ये मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदावर बहिष्कार टाकला.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा गाडीवाला नखाने चिकटपट्ट्या खरवडत बसला होता.

"कुठलं रे हे?"

"आता कुठलंच नाही, मावशी. गोड आहे, घ्या."

तिने चार घेतली. घरी नातीने चारही फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "आजी, ह्यांच्या टिकल्या कुठायत?"