घाटमाथ्यावरची ओसरी

भिलाईत डोंगर मालगाडीतून येतो. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून दल्ली-राजहऱ्याच्या टेकड्या लोहखनिज होऊन या सपाट गावी उतरत आल्या. इथल्या काही तरुण भटक्यांनी मध्यंतरी मैकल रांगेत आपल्या मंडळाची झोपडी बांधण्याचा बेत माझ्यापुढे मांडला, तेव्हा त्यांचे मला कौतुकच वाटले.

त्यांच्यासमोर आदर्श होता तो आल्प्सचा. स्विस गिर्यारोहण संघ १८६३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी टोडी पर्वतावर त्याची ग्रूनहॉर्न ही पहिली झोपडी उभी राहिली. आज त्या संघाकडे अशी दीडशेच्या आसपास घरे आहेत. मुंबईची ‘गिरिविहार’ १९५४ची. तिच्यामागून कितीतरी मंडळे निघाली. तरी सह्याद्रीत मंडळांच्या झोपड्या फारशा झाल्या नाहीत. पैसा नव्हता हे कारण नेहमी सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. इथे निवारा आधीपासून होता: लेण्यांत, देवळांत आणि माचीवरल्या घरांच्या ओसरीत. गोनीदांच्या ‘माचीवरला बुधा’मुळे राजमाची वाचकांच्या मनात वसली, पण मुक्कामाला येणाऱ्यांना ओसरी दिली ती तिथल्या गावाने.

नाणेघाटाचे लेणे मी पाहायला गेलो ते नागनिकेच्या लेखासाठी. यज्ञांची आणि गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांच्या दानांची ती प्राकृतातली यादी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. मागच्या भिंतीवरचे सातवाहन राजकुळाचे पुतळे नष्ट झाले. नावे तेवढी उरली. तिन्ही बाजूंना दगडात कोरलेले ओटे मात्र शाबूत आहेत. जुन्नर-कोकण वाटेवर घाट चढून दमलेला तांडा तिथे टेकत असणार आणि राणीचा लेख त्याच्या डोळ्यांसमोर येत असणार. (समीक्षकांनी हेवा करावा असा हा वाचक: बसलेला आणि घाई नसलेला!)

परंतु मालक नसलेल्या निवाऱ्याची डागडुजी कोणी करायची? झोपडीत नोंदवही असते, भाडे असते, राखणदार असतो. आपल्या गडांवर नावे भिंतीवरच उमटतात, कोळशाने आणि तैलरंगाने. त्या तरुणांचा बेत मला यासाठीच पुरता खोडता येईना.

नाणेघाटात सोबत आलेल्या गावकऱ्याला लेखात रस नव्हता. मी अक्षरे लावीत होतो तोवर तो ओट्यावर शेंगा सोलत बसला. निघताना त्याने ओट्यावरून हात फिरवून सगळी टरफले उपरण्यात गोळा केली आणि गाठ मारली.