दोन केंद्रांमधला मुलूख

निपाणी ते बेळगाव हा रस्ता उणापुरा पंचाहत्तर किलोमीटरांचा. संकेश्वर, हत्तरगी, काकती ही गावे ओलांडताना प्रवाशाला पाट्यांवरील लिपी दिसते. मात्र या मुलुखावरून वाहणाऱ्या आकाशवाणीच्या मध्यमलहरी दिसत नाहीत.

धारवाडचे केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, तेव्हा धारवाड व बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९६३ मध्ये सांगलीचे केंद्र निघाले आणि निपाणीकडच्या घरांना शेजारचा मराठी आवाज लाभला. कचेऱ्यांतून मराठीचे स्थान आक्रसत असताना बातम्या, शेतीची माहिती, भावगीते आपल्या भाषेत कानी पडणे ही लहान गोष्ट नव्हती. मध्यमलहरी जमिनीला बिलगून दूरवर जातात. त्यांना नाक्यावर कोणी अडवीत नाही.

तथापि धारवाडलाही परके म्हणता येत नाही. त्या केंद्राचे संगीत सल्लागार राहिलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम सांगलीशेजारच्याच मिरजेत, नीलकंठबुवांकडे झाली होती. राज्यांनी वाटून घेतलेला मुलूख स्वरांनी आधीच सांधलेला होता.

रेडिओची सुई सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झवरून धारवाडच्या ७६५ वर नेता नेता सीमाभागातील माणसाचा कान दोन्ही भाषांना सरावला. मराठीचा आग्रह आपण धरावाच. पण कानाचे हे औदार्यही मुलांच्या हाती सोपवावे. तोही आपलाच वारसा आहे.