ट्रेसिंग पेपरवरची नायिका

१९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे आली आणि पुढल्याच वर्षी गिरगावातले एक बिऱ्हाड नेरूळला हलले. सामानात इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांचा एक गठ्ठा होता. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका तोवर बंद पडून तीन वर्षे झाली होती. गठ्ठा नावाने भावाचा. परंतु त्यातला वेताळ ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवला होता तो बहिणीने. ती पुढे महाविद्यालयात समीक्षा शिकवू लागली, आणि बऱ्याच वर्षांनी तो गठ्ठा तिच्या बारा वर्षांच्या मुलीच्या हाती लागला.

मुलीनेही वेताळच गिरवला. मग एका अलीकडच्या अमेरिकन अंकातील नायिका गिरवली. मागची इमारत, धूर, आकाश सोडून दिले आणि नुसती आकृती कागदावर उतरवली. थोडा वेळ तिच्याकडे पाहून ती म्हणाली, “आई, ही पडेल.”

आईने ओळंब्यासारखी एक सरळ रेघ मानेपासून खाली ओढून पाहिली. वेताळाच्या चित्रात ती दोन पावलांच्या मधोमध उतरत होती. नायिकेच्या चित्रात पावलांच्या बाहेर, रिकाम्या कागदावर. छाती आणि नितंब एकाच वेळी वाचकाला दिसावेत म्हणून कंबर अशी पिळली होती, की कोणताही कणा ते सहन करणार नाही. टाचा उंच, तळवे जमिनीला जेमतेम टेकलेले. त्या देहाचा भार तिच्या पायांवर नव्हताच. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर तोललेला होता. लॉरा मल्व्ही यांचा १९७५ चा निबंध या बाईने वर्षानुवर्षे वर्गात शिकवला होता. ‘पुरुषी नजर’ ही संज्ञा फळ्यावर लिहून तिचे विवेचन केले होते. मात्र नजर ही गुरुत्वाकर्षणाच्या नियमांतही ढवळाढवळ करते, हे तिला ट्रेसिंग पेपरने दाखवले.

यावर एक आक्षेप नेहमीचा आहे आणि तो तिच्या विद्यार्थ्यांनीही घेतला होता: पुरुष तरी कुठे वास्तव असतात? त्यांचेही खांदे दाराएवढे रुंद असतातच की. आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. नायकाच्या स्नायूंची अतिशयोक्ती म्हणजे त्याला जे करावयाचे आहे त्याची अतिशयोक्ती. तो उचलणार, फेकणार, धावणार. नायिकेच्या देहाची अतिशयोक्ती तिच्या कृतीशी निगडित नसते. पिळलेल्या कमरेने ठोसा मारता येत नाही. एक वाचक म्हणून मुलगा नायकाच्या जागी स्वतःला उभा करू शकतो. मुलीला मात्र नायिकेच्या जागी आधी उभेच राहता येत नाही. १९५४ साली अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेत स्त्रियांच्या शारीरिक वैशिष्ट्यांची अतिशयोक्ती करू नये, असे कलम होते. पुरुषांविषयी तसे कलम नव्हते. म्हणजे भेद संहिता करणाऱ्यांनाही दिसला होता, केवळ शालीनतेचा प्रश्न म्हणून. २०११ पर्यंत ती संहिता उरलीसुरली प्रकाशनगृहेही सोडून गेली.

इंद्रजालमधली डायना त्या मानाने सोज्ज्वळ. ली फॉक यांनी तिला ऑलिंपिकमधली डायव्हर केले, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी दिली. परंतु हे सारे शब्दांत. रेषेत तिच्या दंडाला पोहणाऱ्या बाईचा दंड क्वचितच मिळाला. वेताळाला अतिमानवी शक्ती नाही, तरी त्याची प्रत्येक शीर कामाला लागलेली. आणि जिने खरोखर शरीर कमावले तिचे शरीर गुळगुळीत.

त्या डिसेंबरात मायलेकी गेटवेहून लाँचने घारापुरीला गेल्या. न्हावा-शेव्यासमोरचे हे बेट नेरूळच्या माणसाने बहुधा लांबूनच पाहिलेले असते. आईला तिथे अर्धनारीश्वर दाखवायचा होता. सहाव्या शतकातले, पाच मीटरांहून उंच असे हे शिल्प. एकाच देहात दोन्ही लिंगांचे रेखाटन. शिवाच्या अर्ध्या भागावर स्नायूंचा मागमूस नाही. भेद दिसतो तो स्तन, नितंब, केशरचना आणि दागिने यांत. बळ एका बाजूला अधिक आणि दुसरीला उणे, अशी वाटणी शिल्पकाराने केलेली नाही. खालचा बराच भाग भग्न आहे, तरीही ही आकृती पडेल असे वाटत नाही. बलदंडपणा हेच पौरुषाचे एकमेव चिन्ह नव्हे, हे सांगायला आईला याहून चांगले उदाहरण नको होते.

मुलगी बराच वेळ पाहत राहिली. “पण टेकायला नंदी त्याच्या बाजूला आहे,” ती म्हणाली, “आणि हिच्या हातात आरसा.”

ते खरे होते. उजवा हात नंदीच्या शिंगावर विसावलेला. मागच्या हातांपैकी पुरुषाच्या हातात सर्प, स्त्रीच्या हातात दर्पण. परंपरेकडून तयार उत्तर घेऊन परतण्याची आईची सोय त्या एका आरशाने काढून घेतली. लाँचमध्ये दोघी फारसे बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर मुलीने नवा कागद घेतला. या वेळी ट्रेसिंग पेपर नव्हे. आधी तिने पावले काढली, पूर्ण टेकलेली, थोडी फाकलेली. मग पोटऱ्या, गुडघे, मांड्या. त्यावर धड काढले तेव्हा तो लांब केसांचा वेताळ दिसू लागला, म्हणून तिने ते खोडले. दुसऱ्यांदा काढले तेव्हा कंबर आपोआप पिळली गेली, तेही खोडले. कागद फडताळात त्या गठ्ठ्यावर ठेवला आहे. त्यावर कमरेपर्यंतच आकृती आहे, आणि वर खोडरबराचा करडा डाग.