दाराला लावलेल्या खुर्च्या

'दमन' हा शब्द मला लहानपणापासून थोडा संशयास्पद वाटत आला आहे. आमच्या पुराणिकबुवांच्या तोंडी तो आला की मोठा सात्त्विक भासे. इंद्रियांचे दमन केलेला ऋषी म्हणजे केवढा थोर पुरुष! प्रजापतीने नुसते 'द' हे अक्षर उच्चारले आणि चैनी देवांनी त्यातून इंद्रियदमनाचा उपदेश घेतला, ही बृहदारण्यक उपनिषदातली गोष्टही बुवा रंगवून सांगत. पण पुराण ऐकून घरी यावे, वर्तमानपत्र उघडावे, तर तिथे तोच शब्द लाठी घेऊन उभा! एकाच शब्दाने देवळात टाळ कुटावेत आणि रस्त्यावर माणसे कुटावीत, हे काही मला पटत नसे.

पुढे फ्रॉइड हाती पडला, आणि या शब्दाचे तिसरेच घर दिसले. 1909 साली अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात त्याने पाच व्याख्याने दिली. त्यांत दमन म्हणजे काय हे सांगताना तो म्हणाला, समजा, या सभागृहात एखादा दांडगोबा मोठ्याने हसू लागला, बडबडू लागला, पाय आपटू लागला. चार धट्टेकट्टे गृहस्थ उठतात, त्याला बाहेर घालवतात आणि तो परत येऊ नये म्हणून दाराला खुर्च्या लावून बसतात. झाले दमन! पण बाहेर गेलेला गृहस्थ तिथे गप्प थोडाच बसणार? तो दारावर धक्के मारतो, आरडाओरडा करतो.

मला त्या दांडगोबापेक्षा दाराशी बसलेल्या चौघांचीच कीव येते. व्याख्यानाला आले आणि राखणीला बसले! त्यांना उठायची सोय नाही. 1915 सालच्या निबंधात फ्रॉइडने हेच सांगितले आहे : दमन एकदा करून भागत नाही, त्यासाठी शक्ती सतत खर्चावी लागते. जाणूनबुजून राग गिळणे निराळे. इथे कुणाला बाहेर काढले हे आपल्यालाच ठाऊक नसते, आणि तरी पाठ दुखत असते. फ्रॉइडचे सगळेच आज कुणी मानत नाही. दडपलेल्या आठवणींवरून तर मानसशास्त्रज्ञांत मोठी भांडणे झाली. पण त्या खुर्च्या मात्र माझ्या मनातून हलत नाहीत.

दाराबाहेरचा माणूस पुष्कळदा वेष पालटून आत येतो, असेही फ्रॉइड म्हणे. मराठी माणसाला हे सांगायला व्हिएन्नाचा डॉक्टर कशाला हवा होता? 1907 साली खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. वर विराटपर्व, आत कर्झनशाही. द्रौपदी कोण आणि कीचक कोण, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. गंमत अशी की, ज्या कथेत पांडव स्वतःच वेष पालटून राहिलेले, तीच कथा खाडिलकरांनी वेषांतरासाठी निवडली! सरकारला अर्थ उमगला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतावर मात्र बंदी घालता येईना. पुढे 1975 च्या आणीबाणीत काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या दिवशी लोकांनी कोरा कागदही वाचून काढला.

तेव्हा दमन वाईटच, असा निकाल देऊन मी मोकळा झालो असतो. पण पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांनी माझी पंचाईत केली. फ्रान्स्वा जाकॉब आणि जाक मोनो. दोघेही जुलमाशी झगडलेले : मोनो नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होता, आणि जाकॉब द गॉलच्या सैन्यात लढताना 1944 साली नॉर्मंडीत जबर जखमी झाला होता. अशा माणसांना जीवाच्या मुळाशी काय सापडावे? दमन! आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जंतूजवळ दुधातली साखर पचवण्याची जनुके असतात; पण दूध नसताना तो कारखाना चालवण्यात काय अर्थ? म्हणून एक रेणू त्या जनुकांच्या तोंडाशीच ठाण मांडून बसतो. त्याचे नाव त्यांनी 'रिप्रेसर' ठेवले. दूध आले की त्या साखरेचेच एक रूप या पहारेकऱ्याला चिकटते आणि तो उठून जातो. दूध संपले की पुन्हा जागेवर. 1961 साली त्यांनी हे मांडले आणि 1965 मध्ये ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

आपल्या डोळ्याच्या पेशीतही इन्शुलिनचे जनुक असते म्हणे. ते तिथे गप्प असते म्हणून डोळा डोळा राहतो. म्हणजे गप्प बसवण्यातच पाप आहे असे नाही. पण या पहारेकऱ्याला उठायचे कधी ते कळते, आणि उठवण्याची किल्ली बाहेरून येणाऱ्याच्याच हाती असते. आमचे खुर्च्यांवरचे गृहस्थ आणि सरकारी अंमलदार इथेच त्याच्याहून वेगळे पडतात.

आमच्या घरीही असा एक पहारा साठ वर्षे चालला होता. वडील जन्माचे डावखुरे. डाव्या हाताने जेवू नये, देऊ नये, लिहू नये. आजीने चापट्या मारून आणि शाळेतल्या गुरुजींनी तो हात कमरेला बांधून त्यांना उजवे केले. अक्षर त्यांचे मोठे वळणदार झाले. पण दिवाळीत आकाशकंदिलाचे कागद कापायला बसले की कात्री आपसूक डाव्या हातात जाई, आणि आजीची चाहूल लागली की मुकाट्याने उजव्या हातात परत येई. तेव्हा ते चाळिशीचे होते!

सत्तरीत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणे जड झाले. एके दिवशी त्यांनी खुणेने पेन्सिल मागितली आणि डाव्या हातात धरून सावकाश काहीतरी लिहिले. आम्हांला एक अक्षर लागेना. सगळे उलटे उमटले होते. माझ्या धाकट्या बहिणीला युक्ती सुचली. तिने कागदासमोर आरसा धरला. आरशात स्पष्ट दिसले : 'चहात आले नको.'

आई चहाचा कप हातात घेऊन उभी होती. रोज आले ठेचून घातलेला चहा तिने त्यांना दिला होता. ती कपाकडे पाहत म्हणाली, "अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"