साडेबारा हजार किलोमीटर आणि देहाचे घड्याळ

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्रीही दिवसासारखी वर्दळ असते. त्या वर्दळीत नव्या बुटांत अवघडलेले आजोबा आणि साडीवर स्वेटर चढवलेल्या आजी हमखास दिसतात. मुलांकडे अमेरिकेला निघालेली ही मंडळी तिकीट पुन्हा पुन्हा उलगडून पाहतात. निर्गमन रात्री १ वाजता, न्यूयॉर्कला आगमन सकाळी ७ वाजता, आणि तारीख तीच! प्रवास जणू सहाच तासांचा.

वास्तविक या दोन शहरांतील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. वाटेत न थांबणाऱ्या विमानालाही साधारण साडेपंधरा तास लागतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. तेवढे तास कागदावरून गळतात, देहावरून नाही. कोल्हापूरहून मोटारीने निघालेल्यांनी त्यात मुंबईपर्यंतचे सात-आठ तास आणि विमानतळावरचे तीन-चार तास मिळवावेत. घराच्या उंबरठ्यापासून एक अहोरात्र सहज उलटते.

नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते. पण पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहिला, तर तो जवळजवळ उत्तरेकडे निघतो आणि ध्रुवप्रदेशाच्या कडेने खाली उतरतो. प्रत्यक्ष मार्ग वारे आणि देशोदेशींचे हवाई निर्बंध पाहून ठरतो. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने परतीचा प्रवास बहुधा तास-दीड तासाने लवकर संपतो.

विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे महाबळेश्वराहूनही विरळ असतो. हृदय वा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी म्हणूनच तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेथील हवा अतिशय कोरडी असते. पाणी घोट-घोट घेत राहावे. चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जाण्या-येण्याच्या वाटेकडेची जागा मागून घ्यावी, अधूनमधून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत.

खरी कसोटी औषधांची. रोज सकाळी ८ वाजता गोळी घेणाऱ्याने न्यूयॉर्कला पोहोचल्यावर तेथील ८ वाजता ती घेतली, तर दोन गोळ्यांत साडेतेहतीस तासांचे अंतर पडते. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी ही बाब अधिकच नाजूक. मुलांनी तिकिटाच्या वेळा डॉक्टरांना दाखवून औषधांचे वेळापत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. गोळी मनाने गाळू नये, दुप्पटही घेऊ नये. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीतच असावी.

चाकाच्या खुर्चीची नोंद तिकिटाबरोबरच करावी. त्यात कमीपणा नाही. पोहोचल्यावर पहिले काही दिवस देहाला द्यावेत. विमान साडेपंधरा तासांत पोहोचते. झोप आणि भूक मागाहून, सावकाश येतात.